ताई, तू आत जाऊन विचार

कुमू,

माणसं येतात, पडवीत बसतात, पाणी पितात आणि तुझ्या ताटाबद्दल बोलतात. तुझ्याबद्दल नाही, ताटाबद्दल. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मासळी तर नाहीच, मग अंगात राहणार काय, असं आपली मामेबहीण सुमन म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. शेजारचे काका म्हणाले, खूळ नडलं पोरीला. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांच्या लेखी तू पोरगी झालीस बघ. मी मान खाली घालून बसते. लोकांना वाटतं, ताई दुःखात आहे. दुःखात आहेच, पण मान खाली जाते ती दुसऱ्या कारणानं, आणि ते कारण या घरात फक्त मला ठाऊक आहे.

आज गुरुवार. परवा शनिवारी प्राजक्ता येणार आहे. दर शनिवारी तुझ्याकडे मुली स्वयंपाक शिकायला यायच्या त्यांतली ती, माहेरची बुरोंडीची आणि इथे खालच्या आळीत दिलेली. तुझं बघून तिनंही दोन वर्षांपूर्वी दूध आणि मासळी सोडली. आता तिला पाचवा महिना लागलाय. फोनवर रडत होती. सासूबाई म्हणतात, कुमूमावशीचं काय झालं ते बघितलंस ना, आता मुकाट्यानं दूध पी आणि मासे खा, नाहीतर पोर हातचं जाईल. मग एकदम शांत झाली आणि तिनं विचारलं, "मोठ्या मावशी, खरं सांगा, मावशी खाण्यानंच गेली का हो?" मी म्हटलं, शनिवारी ये, बोलू. तिला जे सांगायचं ते आधी तुला सांगायला हवं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू दूध सोडलंस तेव्हा सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल तर मी. तीस वर्षं जिनं दूध संकलन केंद्रात गावोगावचं दूध मोजून घेतलं, तिनंच निवृत्त झाल्यावर दुधाला नको म्हणावं, हे ऐकायला तरी कसं वाटतं सांग. निरोपाच्या दिवशी दिलेले पेढे तू तसेच पिशवीतून घरी आणलेस आणि माझ्यापुढे ठेवलेस. मी एकटीनं चार दिवस खाल्ले. तुझी जीभ तेव्हा सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती. किटलीत बोट बुडवून जिभेला लावायचीस आणि म्हणायचीस, यात पाणी आहे. मग दुधाचा दाटपणा मोजायची डिग्री लावली की तेच निघायचं. दूध घालणारे तुला टरकून असायचे, आणि घरी मला त्याचा तोरा होता.

का सोडलंस ते तू वर्षभर सांगितलं नाहीस. ते मुरुडला कळलं, समुद्राकाठी. तुझ्या निवृत्तीनंतर आपण दोघींनी फिरायचं ठरवलं होतं, आणि माझ्यासारख्या विधवा बहिणीला स्वतःच्या घरात आणून ठेवणारी तू, तिकिटं तूच काढायचीस. अट एकच असायची. खानावळ दिसली की तू बाकावर बसायचीस आणि म्हणायचीस, "ताई, तू आत जाऊन विचार." माझा जन्म टेलिफोन एक्सचेंजात गेला. माझ्या आवाजापुढे माणूस खोटं बोलत नाही असं तुझं म्हणणं. मग मी आत जायचे आणि पोलिसासारखी विचारायचे. आमटीला फोडणी कशाची? भातावर तूप सोडता का? घावनाचा तवा कशानं पुसता? एकजण म्हणाला, बाई, तूप आम्ही डोळ्यांनी बघून वर्ष झालं, निर्धास्त बसा. तू बाहेर बसून हे ऐकायचीस आणि खुदखुदायचीस.

मुरुडला जेवण छान होतं. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ. शेवटी सोलकढी आली. तू एक घोट घेतलास आणि पेला खाली ठेवलास. यात ताक आहे, म्हणालीस. मालकानं कानाला हात लावले, नारळाची आहे म्हणून शपथ घेतली. मी तावातावानं आत गेले. चुलीपाशी बसलेल्या बाईनं कबूल केलं की नारळ कमी पडला, म्हणून पळीभर ताक घातलं. एवढ्या मोठ्या पातेल्यात पळीभर. तू चिडली नाहीस. उलट जाताना त्या बाईला म्हणालीस, पातळ झाली तरी चालेल गो, नारळाचीच दे. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की वाटेत दोनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी वाळूत बसून तू ते गोठ्याचं सांगितलंस. दूध घालणारा एक शेतकरी आठवडाभर आला नव्हता म्हणून तू त्याच्या गावी गेली होतीस. गोठ्यात म्हैस पान्हा सोडत होती, आणि तिच्यापुढे रेडकू उभं होतं. जवळ गेलीस तर ते रेडकू नव्हतं. मेलेल्या रेडकाचं कातडं होतं, आत पेंढा भरलेलं, काठ्यांवर उभं केलेलं. म्हैस ते चाटत होती आणि खाली बादली भरत होती. तू म्हणालीस, "ताई, तिला फसवून काढलेलं मी तीस वर्षं मोजलं." मी म्हटलं, जनावराला काय कळतं. आपला हा वाद तिथेच राहिला, पुढे कधी पुरा झाला नाही.

मासळीचंही तसंच. तू सोडलीस, पण माझी सोडवली नाहीस. माझ्यासाठी बांगडे तूच बाजारातून आणायचीस, नाकाला पदर लावून, आणि आणून म्हणायचीस, घे तुझे देव. मी एकदा म्हटलं, एवढी तत्त्वाची आहेस तर आणतेस कशाला? तू म्हणालीस, तुझ्या ताटात हात घालायचा मला काय अधिकार? हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता ते घरात कुठेही बसले तरी ऐकू येतं.

कारण मी घातला हात. पहिल्यांदा घातला तो तुझ्या दूध सोडण्याच्या पहिल्याच वर्षी. तू वाळत चाललीस असं मला वाटत होतं. आमटीच्या फोडणीत चमचाभर साजूक तूप टाकलं, वर हिंग आणि कढीपत्ता दामटून घातला. तू पहिला घास तोंडात घेतलास, थांबलीस, घास गिळलास आणि ताट बाजूला सारलंस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, पुन्हा नाही करणार. तू लगेच हसलीस आणि नारळ खवायला बसलीस. तुझं रुसणं मला कधी फार दिवस बघावं लागलं नाही, ही तुझी कृपा.

तीन वर्षं मी शब्द पाळला. त्या तीन वर्षांत तू मला काय काय खायला घातलंस ते आठवत बसते. कोवळ्या फणसाची भाजी, टायकळ्याची भाजी, नारळाच्या दाट रसात बुडवलेली घावनं, नाचणीची आंबील आणि वर तुझं ते मिरचीचं तोंडी लावणं. तुझा तो शब्द, व्हेगन, माझ्या तोंडात कधी बसला नाही. मी लोकांना सांगायचे, आमची कुमू नारळावर जगते. आणि खरंच, आपल्याकडे सोडायला कितीसं असतं? मासळी आणि दूध वगळलं तर बाकी सगळा स्वयंपाक तुझाच होता, हे मला तुझ्यामुळे कळलं. तेव्हा कोणी म्हटलं असतं की हे खाणं वाईट, तर मी भांडले असते.

मग चौथ्या वर्षी तुझ्या भाजीत मीठ वाढायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की मला पाणी प्यावं लागे. मी म्हटलं, अगो, समुद्र ओतलास का. तू चाखून म्हणायचीस, मला तर अळणी लागतंय. मिरची वाढली. कोकम वाढलं. मला वाटलं, वय झालं, हात बसत नाही. तुझा रंग उतरला होता, भाताच्या पेजेसारखा. जीभ मात्र लालबुंद दिसायची. मी विचारलं, पान खाल्लंस का, तर म्हणालीस, नाही गो, जरा झोंबतेय. पायांना मुंग्या येतात म्हणून संध्याकाळी पायरीवर बसून तळवे चोळत बसायचीस. मी शेजारी बसून ते बघत असे आणि माझ्या मनात एकच येई. दूध. हिला दूध मिळालं असतं तर असं झालं नसतं.

म्हणून मी पुन्हा सुरू केलं. घावनांसाठी नारळाचा रस काढला आणि त्यात दोन चमचे दुधाची पावडर विरघळवली. वाटी तुझ्यापुढे ठेवली. तू खाल्लंस. काही म्हणाली नाहीस. वर आणखी रस मागितलास. कुमू, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. सगळ्या तालुक्याचं दूध जिनं पारखलं तिला मी हातोहात बनवलं होतं. मला वाटलं, माझा हात सुधारला. आत जाऊन पावडरचा डबा मी तांदळाच्या पिंपात खाली दडवला आणि तोंड दाबून हसले. 

त्यानंतर रोजचंच झालं. भाकरीच्या पिठात चमचाभर दही. उसळीत लोण्याचा गोळा. मासळी मात्र कधी घातली नाही, तेवढी लाज शिल्लक होती. आणि बाहेर गेलो की तू बाकावर बसायचीस, म्हणायचीस, ताई, तू आत जाऊन विचार, आणि मी आत जाऊन उलटंच सांगून यायचे.

मंडणगडला तुझ्या जुन्या सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या दिवशी दुपारी एसटी स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. मी आत गेले आणि आचाऱ्याला म्हटलं, त्या बाईच्या आमटीत तूप सोडा, सोलकढीत दोन पळ्या ताक घाला, आणि तिनं विचारलं तर नाही म्हणा. तो म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मला काय, खाणारीनं खाल्लं की झालं. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, सगळं तुझ्या मापाचं आहे, जेव. तू पोटभर जेवलीस. सोलकढी दोनदा घेतलीस. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "ताई, तू नसतीस तर मी बाहेर उपाशी मेले असते."

जेवून तू तोंड धुवायला गेलीस. डोळे मिटून तोंडावर पाणी मारलंस आणि सरळ बाजूला कललीस. खांदा भिंतीवर आपटला. मी धावले तर तू हसत होतीस. घाटाची चक्कर, म्हणालीस. पण घाट उतरून दोन तास झाले होते. डोळे उघडे असले की तू नीट उभी राहायचीस आणि मिटले की कलंडायचीस, हे मी त्यानंतर घरी तीनदा पाहिलं. पाहिलं आणि कोणाला बोलले नाही.

बुरोंडीला आपण प्राजक्ताच्या माहेरी गेलो तो दिवस तर मला पुसून टाकता आला तर टाकीन. तिची आई मासळी विकणारी. तुझ्यासाठी तिनं आदल्या दिवसापासून वेगळी भांडी घासून ठेवली होती. बंदरावरून वर येताना तुझी एक चप्पल पायातून निसटली. तू तशीच चालत राहिलीस, एक पाय चपलेत आणि एक अनवाणी, तापलेल्या कातळावरून, आणि तुला कळलंच नाही. मागून प्राजक्ताची आई चप्पल हातात घेऊन आली. तू बघून हसलीस. म्हणालीस, गेली वाटतं, समजलंच नाही गो. त्या बाईला हसू आलं नाही.

घरी पोचल्यावर तू पडवीत बसलीस आणि मी नेहमीसारखी आत गेले. मी त्या बाईला हळूच सांगितलं, पिशवीत दुधाची पावडर आहे, रसात थोडी घालू या, हिला कळत नाही. ती विळीवरून उठली. म्हणाली, "पाहुणीच्या ताटात असं करू नये, बाई. मी मासे विकते, पण शिळा मासा ताजा म्हणून कधी दिला नाही." मग दाराकडे बघून म्हणाली, बहिणीला दाखवा कोणाला तरी, चप्पल निसटली ती कळली नाही तिला, हे बरं नव्हे. मला राग आला. माझी बहीण, मला शिकवते. मी जेवले नाही नीट, आणि परतीच्या गाडीत तुझ्याशीही तिरकंच बोलले. तू म्हणालीस, दमलीस का गो ताई, डोकं ठेव खांद्यावर.

पण त्या बाईचं बोलणं मनात राहिलं, म्हणून तुला आपल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर वाजवून तुझ्या घोट्यावर धरलं आणि विचारलं, थरथर जाणवते का? तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, लावलंय का काही? डॉक्टरांनी लिहायला घेतलं. म्हणाले, दूध-मासळी न घेणाऱ्यांना बी-बाराची गोळी लागतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळी घेऊन माणसं ठणठणीत राहतात. आधी रक्त तपासा, रिपोर्ट बघून इंजेक्शनं सुरू करू. चिठ्ठी त्यांनी दिली ती मी घेतली. घरातले कागद नेहमी माझ्याकडेच.

आता ऐक, कुमू. मी ती चिठ्ठी का दडवली ते ऐक.

मला वाटलं, रिपोर्ट चांगला येईल. वर्षभर मी तुला दूध घालत होते ना. रिपोर्ट चांगला आला की डॉक्टर तुझ्यासमोर म्हणतील, बाई, तुमच्या पोटात दूध जातंय कुठून तरी. आणि तू माझ्याकडे बघशील. दोन दिवसांचा अबोला नव्हे आता, डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ होती. मला तुझी ती नजर नको होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. तुला भीती होती आजाराची आणि मला होती पकडलं जाण्याची. रस्त्यात तू विचारलंस, रक्त द्यायला कधी जायचं? मी म्हटलं, डॉक्टर मला नंतर बोलले, तशी घाई नाही, आधी कॅल्शियम घेऊन बघू. तू म्हणालीस, बरं. एवढंच. माझ्यावर संशय घ्यायची तुला सवयच नव्हती.

मग पावसाळा गेला. तू भिंतीला हात लावून चालायला लागलीस. सुईत दोरा ओवता येईना. शनिवारी मुलींना शिकवताना एकच गोष्ट दोनदा सांगायचीस आणि त्या एकमेकींकडे बघायच्या. मी पावडर दोन चमच्यांची चार चमचे केली. औषध वाढवल्यासारखी.

त्या सकाळी तू परसात अळूची पानं काढलीस आणि मागच्या पायरीपाशी तोंड धुवायला बसली नाहीस, उभी राहिलीस. मी आत होते. साबण तोंडाला होता तुझ्या. डोळे मिटलेले. आवाज आला तो चिऱ्यावर नारळ पडावा तसा, आणि मला आधी नारळच वाटला. बाहेर आले तर तू पायरीवर होतीस. साबण तसाच होता गालावर. मी पदरानं पुसला.

हॉस्पिटलात तीन दिवस. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच, म्हणाल्या. नसा गेल्या होत्या, म्हणून तोल गेला. मी म्हटलं, पण मी दूध घालत होते, चोरून, रोज. त्या म्हणाल्या, चमच्या-चमच्यानं नाही हो भागत ते, साधी गोळी हवी होती. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त शांतपणे विचारलं, "त्यांना चव कळत होती का अलीकडे?" मी म्हटलं, का? म्हणाल्या, यात जीभ लाल होते, गुळगुळीत होते, चव जाते.

कुमू, मी तिथल्याच बाकावर बसले. मीठ का वाढलं ते कळलं. कोकम का वाढलं ते कळलं. आणि वाटीभर रस खाऊन तू आणखी रस मागितलास ते का, तेही कळलं. माझा हात सुधारला नव्हता. तुझी जीभ मेली होती. ज्या दिवशी मी तोंड दाबून हसले त्याच दिवशी तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. जिला पातेल्यातलं पळीभर ताक कळायचं तिला दुधाची पावडर कळत नाही, याहून मोठी धोक्याची घंटा कुठली असते? ती माझ्यासमोर वाजली आणि मी ती माझी शाबासकी म्हणून ऐकली.

आपले डॉक्टर परवा भेटायला आले होते. चहा नको म्हणाले. रिपोर्टचं विचारलं नाही त्यांनी. जाताना माझ्याकडे नुसतं बघितलं, जरा जास्त वेळ. मी मान खाली घातली.

तुला सांगायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी तुझ्या कानाशी तोंड नेलं होतं मी. पण नर्स आली, मग सुमन आली, मग तू गेलीस. हे मी कारण म्हणून सांगतेय, पण खरं तर कोणी आलं नसतं तरी मी बोलले असते का, देव जाणे. आणि आता तुझ्यामागं लोक म्हणतात, खूळ नडलं. तुझं काहीही नडलं नाही. एक गोळी हवी होती आणि एक खरं बोलणारी बहीण हवी होती.

*

शनिवार झाला. प्राजक्ता दुपारी आली, सासूला देवळात जाते म्हणून सांगून. चेहरा सुकलेला. मी घावनं केली होती, नारळाचा रस काढून ठेवला होता. रस तुझ्या पद्धतीचा, गूळ आणि वेलची घालून. पावडरचा डबा मी तू गेलीस त्याच दिवशी उकिरड्यात टाकला. ती पाटावर बसली, मी वाढलं, तिनं घावनाचा तुकडा मोडला आणि रसात बुडवला. तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. आधी बोलायला हवं होतं, पण भुकेली होती गं ती.

सगळं सांगितलं. पावडर, मंडणगडचा आचारी, चिठ्ठी, जीभ. तिच्या आईनं मला काय सुनावलं तेही. तिला सांगितलं, मावशी खाण्यानं गेली नाही. उद्याच डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे, गोळी घे आणि एकही दिवस चुकवू नकोस, तुझ्यासाठी आणि पोटातल्यासाठी. सासूबाईंना माझ्याकडे पाठव, त्यांनाही हेच सांगीन, आणि आळीत ज्याला हवं त्याला सांगेन. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, उठून जाईल. ती बोटांतल्या तुकड्याकडे बघत राहिली. रस तिच्या मनगटावरून ओघळला. मग तिनं तो तुकडा परत ताटात ठेवला, हात पुसला आणि विचारलं, "मोठ्या मावशी, यात काय घातलंय?"

मी म्हटलं, नारळ, गूळ, वेलची, मीठ. दुसरं काही नाही. तिनं मान हलवली. तिला माझं खोटं वाटलं असं नाही, कुमू. तिला कळतच नव्हतं, खरं की खोटं. माझा तो आवाज, ज्याच्यापुढे माणूस खोटं बोलत नाही म्हणायचीस, त्यानं मी कितीही सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता.

ती म्हणाली, भूक लागलीये, पण माझ्यासमोर करा. मी ताट उचललं. नवा नारळ फोडला, विळीवर खवायला बसले. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात ठेवून, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातांवरची नजर तिनं काढली नाही. तू पाच वर्षांत एकदाही तशी उभी राहिली नाहीस.